आयसीएफचा डबा घरच्या टेबलावर: एचओ स्केलमधला पहिला डबा कसा बांधावा

रेल्वेच्या छोट्या मॉडेलचा पहिला डबा बांधायचं ठरलं की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी डेक्कन क्वीन उभी राहते. माझ्याही राहिली होती. तरी माझं ऐका: तिची डायनिंग कार चौथ्या-पाचव्या डब्यासाठी राखून ठेवा आणि सुरुवात आयसीएफच्या साध्या थ्री टियर स्लीपरने करा. तेवढा एक डबा नीट उभा राहिला तर डेक्कन क्वीनही लांब नाही, कारण १९३० साली सुरू झालेल्या या गाडीचे मूळ डबे १९६६ मध्ये बदलले तेव्हा त्यांच्या जागी आयसीएफचेच डबे आले.

आयसीएफ म्हणजे चेन्नईतल्या पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी. २ ऑक्टोबर १९५५ ला ती सुरू झाली. डब्याचा आराखडा स्वित्झर्लंडच्या श्लिरेन इथल्या कंपनीचा. या जातीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये कारखान्याबाहेर पडला. साठेक वर्षं आपण ज्या गाड्यांतून गावी गेलो, परीक्षेला गेलो, वऱ्हाड घेऊन गेलो, त्या बहुतेक याच डब्यांच्या.

नवशिक्याला हा डबा सोपा पडतो. सगळा सांगाडा वेल्डिंगचा, त्यामुळे अंगावर रिव्हेटांच्या रांगा नाहीत. बाजू सपाट, दोन्हीकडे एकसारख्या खिडक्या. शिवाय त्याच्या नावातला ‘इंटिग्रल’ हा शब्द आपल्याला बांधणीची पद्धतच सांगतो. खाली मजबूत चौकट आणि तिच्यावर नुसतं खोकं, असा हा डबा नाही. बाजू, छत आणि तळ मिळून भार पेलतात. आपल्या प्लास्टिकच्या डब्यातही तेच घडतं: सुटी बाजू बोटांत लवते, चार भिंती आणि छत एकत्र चिकटलं की तीच बाजू ताठ होते. म्हणून छत कायमचं चिकटवायचं आणि तळ सुटा ठेवायचा, हे आत्ताच मनाशी पक्कं करा. बरेच जण उलटं करतात आणि मग छताची फट आयुष्यभर बुजवत बसतात.

मापं

एचओ स्केल म्हणजे १:८७.१, एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. खऱ्या डब्याची मापं आणि त्यांचं रूपांतर असं:

पेटीची लांबी २१,३३७ मि.मी. – मॉडेलमध्ये २४५
बफरसकट लांबी २२,२९७ – २५६
रुंदी ३,२४५ – ३७.३
रुळापासून छताच्या माथ्यापर्यंत ४,०२५ – ४६.२
दोन बोगींच्या मध्यांतलं अंतर १४,७८३ – १६९.७
एका बोगीच्या दोन आसांतलं अंतर २,८९६ – ३३.२
चाकाचा व्यास ९१५ – १०.५

बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. इथे मात्र बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची गाडी, हे लक्षात असू द्या.

रुळांच्या बाबतीत एक तडजोड पहिल्याच दिवशी स्वीकारावी लागते. आपली ब्रॉडगेज १,६७६ मि.मी., म्हणजे एचओमध्ये १९.२ व्हायला हवी. बाजारात मिळणारा एचओचा रूळ १६.५ मि.मी.चा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मि.मी. गेजवरून आलेला आहे. गंमत अशी की स्केल १:१०० धरलं तर आपली ब्रॉडगेज १६.७६ येते, म्हणजे त्याच रुळावर जवळपास अचूक बसते. मी बरेच दिवस या मोहात होतो. शेवटी एचओच ठेवलं, कारण इंजिनं, चाकं, कपलिंग सगळं एचओमध्ये मिळतं आणि मित्राची गाडी आपल्या रुळावर आली तर शोभते. बाजूने पाहताना रुळाचा तो पावणेतीन मिलिमीटरचा फरक कुणाच्या ध्यानातही येत नाही.

खिडक्यांची मापं फोटोवरून काढायची. समोरच्या फलाटावरून, डब्याला अगदी काटकोनात उभं राहून, थोडं झूम करून दोन-दोन कप्प्यांचे फोटो घ्या. रुळात उतरायचं नाही, यार्डात शिरायचं नाही. फलाटावरून सगळं दिसतं. फोटोतली पट्टी म्हणून बोगीच्या दोन आसांमधलं अंतर धरा, ते २,८९६ मि.मी. कायम असतं. चाकाचा व्यास धरू नका. चाकं झिजतात, पुन्हा कातली जातात आणि ८२५ मि.मी. पर्यंत उतरलेली चाकंही धावत असतात. या एका चुकीने सगळा डबा दहा टक्क्यांनी फुगू शकतो.

मापं निघाली की बाजूचं रेखाचित्र काढा आणि ए-फोर कागदावर आडवं छापा. २९७ मि.मी.च्या कागदावर २४५ चा डबा पूर्ण मावतो. छापताना ‘पानावर बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, आणि छापून आल्यावर स्टीलपट्टीने लांबी मोजून पाहा. माझा एक आराखडा २३८ मि.मी.चा छापून आला होता आणि ते कळलं तेव्हा एक बाजू कापून झाली होती.

सामान

स्टायरीन या प्लास्टिकची शीट तीन जाडीत लागेल: ०.५, १ आणि १.५ मि.मी. मॉडेलच्या दुकानात मिळते, आणि आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना सामान विकणाऱ्या दुकानांतही विचारा. सनबोर्ड घेऊ नका, त्याच्या कडा फोमच्या असतात आणि खिडकीला धार येत नाही. छतासाठी बाल्सा लाकूड, ते एरोमॉडेलिंगवाल्यांकडे मिळतं. बाकी स्टीलपट्टी, छोटा गुण्या, तुटत्या पात्याचा कटर, बारीक कानशींचा संच, १ मि.मी.चं ड्रिल आणि ते धरायला पिन वाइस, कटिंग मॅट, व्हर्निअर. वॉटर पेपर ४००, ६०० आणि १००० नंबरचा.

चिकटवायला पाण्यासारखं पातळ प्लास्टिक सिमेंट. तामियाचं हिरव्या झाकणाचं मिळालं तर उत्तम. हे डिंकासारखं थापायचं नसतं. दोन तुकडे आधी एकमेकांना भिडवायचे आणि सांध्याला ब्रशचं टोक लावायचं, की ते आपोआप सांध्यात ओढलं जातं आणि दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवून काम करा. त्याची वाफ चांगली नाही. फेव्हिक्विक फक्त धातू चिकटवायला. अॅक्रिलिकची कामं करणारे क्लोरोफॉर्म वापरतात, घरात ते आणू नका.

आणखी एक वस्तू, जी मॉडेलच्या दुकानात शोधू नये: खिडकीच्या गजांसाठी तांब्याची तार. मोटर वाइंडिंगच्या दुकानात जाऊन ३६ नंबरची तार मागा. ती ०.१९ मि.मी. जाड असते आणि मूठभर तारेत दहा डबे होतात.

बाजूच्या भिंती

सगळा डबा इथे ठरतो. स्लीपरमध्ये ९ कप्पे, प्रत्येक कप्प्याला एका बाजूला दोन खिडक्या, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ३६ खिडक्या. शिवाय संडासाच्या दुधी काचेच्या छोट्या खिडक्या वेगळ्या. डोळा फार कडक परीक्षक आहे. डबा एक मिलिमीटर आखूड असला तर त्याला कळत नाही, पण अठरा खिडक्यांच्या रांगेत एक खिडकी पाव मिलिमीटर वर गेली तर तो तिथेच अडखळतो. म्हणून वेळ घालवायचा तो इथे.

भिंत दोन थरांची करा. बाहेरचा थर ०.५ मि.मी., त्यात खिडक्या अचूक मापाच्या. आतला थर १ मि.मी., त्यात खिडकीची भोकं चारही बाजूंनी एकेक मिलिमीटर मोठी. त्या पायरीवर नंतर काच बसते आणि बाहेरून भिंत पातळ पत्र्यासारखी दिसते.

आधी बाहेरचा थर. दोन्ही बाजूंच्या शीट दुहेरी टेपने एकावर एक चिकटवा, वर छापील आराखडा लावा. खिडकीच्या चारही कोपऱ्यांत, रेषेच्या आतून, १ मि.मी.चं भोक पाडा. दोन्ही शीटना एकदमच. आयसीएफच्या खिडकीचे कोपरे गोल असतात आणि ही गोलाई ड्रिलच देऊन टाकतं, कानस घेऊन कोपरा घडवावा लागत नाही. सगळी बहात्तर भोकं पाडून झाली की शीट सुट्या करा.

आता पट्टी लावा आणि सगळ्या खिडक्यांच्या वरच्या कडा एका बैठकीत कापा, मग सगळ्या खालच्या. पट्टी हलवायचीच नाही, म्हणजे रांग वाकडी होण्याचा प्रश्न उरत नाही. उभ्या कडा त्यानंतर. पातं हलकं ठेवा. पहिली ओढ नुसती वाट दाखवणारी, शीटवर केसासारखी रेघ उमटेल इतकीच. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला पातं आपणच त्या वाटेने चालतं, पाचव्या-सहाव्याला खालच्या मॅटचा खरखरीत आवाज येतो: कापलं गेलं. पहिल्याच ओढीला जोर लावलात तर पातं कोपऱ्याच्या भोकापुढे सटकतं आणि दोन खिडक्यांमधल्या खांबावर चर पडतो. सुटत आलेल्या तुकड्यावर मधोमध फुलीची रेघ मारून बोटाने दाबा, तो कडकन निघतो. मग सपाट कानशीचे दोन-तीन हात, जास्त नाहीत. पातं दर सहा खिडक्यांनी तोडून नवं घ्या. बोथट पातं प्लास्टिक कापत नाही, बाजूला सारतं, आणि कडेला उंचवटा उभा राहतो.

लेझरवाल्याकडून कापून घेता येईल का, असं पुष्कळ जण विचारतात. स्टायरीन लेझरखाली वितळतं आणि कडा फुगतात. पहिला डबा हातानेच कापा. पाचव्या खिडकीनंतर हात बसतो.

आतल्या थरात खिडक्या कापूच नका. खाली एक लांब पट्टी, वर एक लांब पट्टी आणि मध्ये उभे खांब, असा तो जुळवून घ्या. सगळे खांब एकाच मापाचे हवेत म्हणून मॅटवर एक अडणी चिकटवा आणि पट्टी तिला टेकवून कापत जा.

दोन थर जोडण्याआधी गज बसवायचे आहेत. हे काम बघायला नाजूक वाटतं, पण युक्ती सोपी आहे. प्रत्येक खिडकीत वेगळे गज लावायचे नाहीत. तार डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग न्यायची, की अठराही खिडक्यांतले गज एका ओळीत येतात. तारेचं एक टोक खिळ्याला बांधा, दुसरं पक्कडीत धरून हळू ओढा. तार किंचित लांबल्याचं हाताला जाणवतं, त्या क्षणी ती दोरीसारखी सरळ होते आणि सरळच राहते. आतल्या थराच्या, बाहेरच्या थराला भिडणाऱ्या अंगावर गजांच्या उंचीवर उथळ चर ओढून ठेवा म्हणजे दोन थरांमध्ये तार फुगवटा आणणार नाही. बाहेरच्या थराच्या आतल्या अंगाला तारा ठेवून दोन्ही टोकांना आणि मधल्या दोन-तीन खांबांवर फेव्हिक्विकचा सुईच्या टोकाएवढा ठिपका. संकटकालीन खिडकीला आडवे गज नसतात; आपल्या फोटोत ती कुठे आहे ते पाहून तेवढ्या तारा नंतर पात्याने छाटा. एका खिडकीत किती गज, तेही फोटोतच मोजा.

मग दोन थर जोडा. इथे माझ्या पहिल्या डब्याची हकीकत सांगतो. सिमेंट भरपूर ओतलं, दोन थर दाबले, अर्ध्या तासात चारही भिंती उभ्या केल्या, त्याच संध्याकाळी तळ आणि छत चिकटवून पेटी बंद केली. पंधरा दिवसांनी कपाटातून काढला तर दोन्ही बाजू मधोमध आत ओढल्या गेलेल्या, केळ्यासारख्या. आत कोंडलेलं सिमेंट बाहेर पडायला वाट नव्हती, ते आतल्या आत प्लास्टिक मऊ करत राहिलं. तेव्हापासून मी सिमेंट खांबांवर आणि कडांवर थोडं-थोडंच लावतो, जोडलेली भिंत दोन काचांमध्ये ठेवतो, वर चार जाड शब्दकोश रचतो आणि पुढचे दोन दिवस तिकडे फिरकत नाही. तुम्हीही तेच करा. तळ सुटा ठेवण्याचं दुसरं कारणही हेच.

भिंतीची खालची कड खऱ्या डब्यात किंचित आत वळते. त्यासाठी आतला थर तळाच्या दोन मिलिमीटर वर थांबवा आणि बाहेरचा ०.५ चा ओठ विणायच्या सुईवर अंगठ्याने हळू दाबत वळवा.

पेटी आणि छत

दोन्ही टोकांच्या भिंती १.५ मि.मी. शीटच्या, रुंदी ३४.३: पूर्ण रुंदी ३७.३, त्यातून दोन बाजूंचे दीड-दीड वजा. आत चार-पाच आडव्या भिंती याच रुंदीच्या घाला, कप्प्यांच्या भिंती म्हणून शोभतात आणि बाजूंना आत येऊ देत नाहीत. प्रत्येक कोपरा गुण्याला लावून मगच सिमेंट. बर्थ पहिल्या डब्यात नाही केले तरी चालतं. गजांमागे काही दिसत नाही. दोन डबे जोडणाऱ्या वाटेच्या टोकाच्या पडद्यासाठी काळा कागद हार्मोनियमच्या भात्यासारखा घडी घालून चिकटवा.

छत वाकवलेल्या शीटचं करायचा मोह होतो. आयसीएफचं छत मधे जवळजवळ सपाट आणि कडेला एकदम गोल आहे, ते कडेचं वळण शीटला हाताने नीट येत नाही. बाल्साची पट्टी चिकटवून २४५ लांब आणि ३७.३ रुंद ठोकळा करा. टोकाच्या भिंतीवरून छताच्या वळणाचा उलटा फर्मा पातळ पत्र्यात कापा. ठोकळा पॉलिश पेपरने घासत जा आणि दर थोड्या वेळाने फर्मा लावून उजेडासमोर धरा: जिथून उजेड येतो तिथे कमी घासा, जिथे फर्मा टेकतो तिथे घासा. एका तासाचं काम आहे आणि फार समाधानाचं. बाल्साचे रेषे रंगातून वर दिसतात, म्हणून गाड्यांच्या डेंटिंगला वापरतात ती एनसी पुट्टी पातळ करून दोन हात मारा, प्रत्येक हातानंतर ४०० नंबरने पाण्यात घासा. छतावरचे वायुवीजनाचे टोप चामड्याच्या पंचने १ मि.मी. शीटमधून पाडा आणि त्यांची वरची कड घासून गोल करा.

तळ, बोगी, वजन

तळ १.५ मि.मी. शीटचा, रुंदी ३४, आत सरकेल असा आणि चार बारीक स्क्रूंनी बसणारा. डब्याचा मध्य काढून तिथून दोन्हीकडे ८४.८ वर बोगीची भोकं. बोगी आणि चाकं एकाच कंपनीची, एकत्र विकत घ्या. आसांची लांबी कंपनीगणिक बदलते आणि चुकीचा आस एकतर अडकतो नाहीतर गळून पडतो. आयसीएफच्या बोगीचा चेहरा हवा असेल तर बाजूच्या पट्ट्या थ्रीडी प्रिंट करून घेता येतात.

बसवताना एक बोगी सगळीकडे डुलेल अशी सैल ठेवा. दुसरी वळेल, पुढे-मागे झुकेल, पण डावी-उजवीकडे कलणार नाही अशी बसवा. तिवई कुठल्याही जमिनीवर डगमगत नाही. डब्याचंही तसंच होतं आणि वाकड्यातिकड्या रुळावर आठही चाकं टेकून राहतात. बफरचा मध्य रुळापासून १२.७ मि.मी. वर यायला हवा, म्हणजे खऱ्यातले १,१०५ मि.मी. कमी असेल तर बोगी आणि तळ यांच्यामध्ये वॉशर घाला.

वजनासाठी अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा नियम सोपा आहे: मुळात एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपल्या डब्याला ते १६५ ग्रॅमच्या आसपास येतं. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगची पाच-दहा ग्रॅमची चिकटती वजनं मिळतात, ती तळावर दोन्ही टोकांकडे सारखी लावा. तळाखाली बॅटरीच्या पेट्या, ब्रेकचं सिलिंडर, आल्टरनेटर: शीटच्या तुकड्यांतून साधे ठोकळे करून लावले तरी बाजूने पाहताना डबा भरलेला वाटतो.

दारांखालच्या पायऱ्या चिकटवण्याआधी वळणावर फिरवून पाहा. ४३८ मि.मी. त्रिज्येच्या वळणावर हा डबा मधोमध आतल्या बाजूला ८ मि.मी. सरकतो आणि टोकं जवळपास ९ मि.मी. बाहेर जातात. बोगी नेमकी पायरीला घासते. ६०० मि.मी. त्रिज्या असेल तर मधला सरकाव ६ वर येतो आणि डबा दिसतोही देखणा.

रंग आणि अक्षरं

पहिला डबा मरून रंगवा. एअर ब्रेकच्या डब्यांबरोबर निळे रंग आले, त्याआधी आयसीएफचे बहुतेक डबे मरून असत. एकच रंग, पट्टा नाही, मास्किंग टेप नाही, त्यामुळे चुकायला जागा कमी. डबा भांड्याच्या साबणाने धुवा, एक दिवस वाळू द्या, मग राखाडी प्रायमर. प्रायमर आल्यावर जे ओरखडे दिसतील ते बुजवा. रंगाचे हात पातळ, दर वेळी बाजू बदलून. जाड हाताने गज एकमेकांना चिकटतात आणि सगळी मेहनत जाते. मास्क लावा, गच्चीत किंवा उघड्या जागेत फवारा.

पावसाळ्यात स्प्रे करू नका. हवेतला दमटपणा ओल्या रंगात शिरतो आणि वाळल्यावर सगळ्या अंगावर पांढुरकी झाक येते. जून ते सप्टेंबर खिडक्या कापा, रंग दिवाळीच्या सुट्टीत.

अक्षरांसाठी पाण्यात सुटणारा डेकल कागद. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, म्हणून पारदर्शक कागदावर छापलेली पिवळी अक्षरं मरूनवर गेली की नाहीशी होतात. पांढरा डेकल कागद घ्या, अक्षरांभोवती डब्याचाच रंग छापा आणि कड अक्षराला लागून कापा. क्रमांक टाकताना जुनी पाच आकडी पद्धत पाळा: पहिले दोन अंक बांधणीचं वर्ष, शेवटचे तीन डब्याचा प्रकार. २०१ ते ४०० स्लीपर, ४०१ ते ६०० जनरल, ७०१ ते ८०० सामान आणि गार्डचा एसएलआर. म्हणजे ८४२३७ हा १९८४ चा स्लीपर. मरून डब्यावर २००५ सालचा क्रमांक घातलात तर जाणकार लगेच बोट ठेवतील.

काचा रंगानंतर, सगळ्यात शेवटी, आतून.

डबा बिघडला तर

टाकून देऊ नका. प्रवासी सेवेतून निवृत्त झालेल्या आयसीएफ डब्यांचं रेल्वे स्वतःच रूपांतर करते. खिडक्या आणि दारं पत्र्याने बंद करतात, आतली बाकं काढतात, टोकाच्या भिंतीत मोठी दारं बसवतात आणि त्यातून मोटारी चढवतात. हीच एनएमजी वाघीण. मोटारी एका डब्यातून पुढच्या डब्यात चालवत नेता येतात.

नवशिक्यासाठी याहून चांगलं रूपांतराचं काम नाही. खिडकीपेक्षा सगळीकडून अर्धा मिलिमीटर मोठा, ०.२५ मि.मी. शीटचा चौकोन कापून प्रत्येक खिडकीवर बाहेरून चिकटवा. खिडकीची रांग डोळ्यांना कळत राहते, पण बंद झालेली. एनएमजीची तीच ओळख आहे. बाजूची दारं तशीच झाका. टोकाची भिंत कापून काढा आणि १ मि.मी. शीटचे दोन पल्ले लावा, मधली फट पात्याच्या टोकाने खोल ओढा, बिजागऱ्या पट्टीच्या बारीक तुकड्यांच्या. छतावरचे टोप आणि बोगी जशा आहेत तशाच. रंग वर्कशॉपगणिक वेगळे दिसतात, म्हणून एक फोटो निवडून त्यालाच चिकटून राहा.

तयार विकत घेतलेला डबा बदलायचा असेल तरी क्रम हाच: आधी तळ आणि बोगी सोडवा, काचा काढा, जुनी अक्षरं १००० नंबरने पाण्यात घासा, मगच पातं लावा. एसएलआर करताना सामानाच्या बाजूच्या खिडक्या अशा झाकू नका. तिथे भोकात नेमका बसणारा तुकडा घालून पुट्टीने सपाट करा, कारण तो भाग कारखान्यातूनच बिनखिडकीचा आलेला असतो, आणि पत्र्याची कड दिसली तर डबा एनएमजीच वाटतो.

माझा केळ्यासारखा वाकलेला पहिला डबा असाच वाचला. तळ कापून काढला, आत ३४.३ च्या सहा आडव्या भिंती दामटून घातल्या, बाजू बऱ्याचशा सरळ झाल्या. मग छत्तीसही खिडक्यांवर पत्रे. एका बाजूचा आठवा पत्रा अंमळ तिरपा बसला आहे. तो मी काढला नाही, कारण कल्याणला फलाटावरून पाहिलेल्या एका एनएमजीवरही असाच एक तिरपा पत्रा होता, आणि त्याचा फोटो माझ्याकडे आहे.